दोर हाती आला, आता काय? चर्चच्या घंटेवर नव्यानं उभं राहणाऱ्यांसाठी

चर्चच्या घंटेसाठी कोणी नेमणूकपत्र काढत नाही. जुना माणूस थकतो, त्याचे गुडघे कुरकुरायला लागतात, नाहीतर तो पोराकडे पुण्याला राहायला जातो; आणि एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आटोपल्यावर फादर तुमच्याकडे बघून म्हणतात, "उद्यापासून घंटेचं तू पाहशील ना?" तुम्ही हो म्हणून मोकळे होता, कारण दोर ओढायला असं काय लागतं! मलाही तसंच वाटलं होतं.

अमरावती जिल्ह्यातलं आमचं गाव. एका अंगाला संत्र्याच्या बागा, दुसऱ्या अंगाला कपाशी. दोर हाती आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात संध्याकाळची घंटा वाजवताना माझी मोजणी चुकली. सहा झाले की नऊ, काही आठवेना. घाबरून मी हात हळू केला आणि एकेक टोला लांबवत राहिलो. म्हटलं, देव समजून घेईल. देवानं घेतलंही असेल, गावानं नाही घेतलं. दहा मिनिटांत फाटकापाशी पंधरा-वीस माणसं जमली. कापूस वेचून परतणाऱ्या बाया कमरेची ओटी न सोडता तशाच आल्या. शेजारची म्हातारी, जिचा चर्चशी काडीचा संबंध नाही, तीही काठी टेकत आली. "काहून बापा, कोन गेलं?" कोणीच गेलं नव्हतं. मी मयताची घंटा वाजवून बसलो होतो. ज्या काकाजींनी दोर माझ्या हाती दिला होता ते सगळ्यात शेवटी आले आणि एवढंच म्हणाले, "तुले खोटं बोलाचं असन त तोंडानं बोल, घंटेनं नोको बोलू."

खाली लिहिलंय ते सगळं त्या संध्याकाळनंतर शिकलेलं आहे.

आधी वर चढा

दोराला हात लावण्याआधी घंटा जवळून पाहून या. पहाटे चढा, ऊन तापायच्या आत, आणि खाली एक माणूस उभा ठेवा. एकटं चढू नका. मनोरा नसेल, नुसत्या दोन खांबांमध्ये आडवा गर्डर टाकून घंटा टांगली असेल (आपल्याकडच्या बऱ्याच लहान चर्चमध्ये तशीच असते), तर शिडी लावून पाहा.

पहिली नजर मोहोळासाठी. उंच, सावलीची आणि माणसाचा वावर नसलेली जागा आग्या माश्यांना फार आवडते. घंटेच्या गर्डरला मोहोळ लटकलेलं असेल तर त्या दिवशी घंटा बंद. हादरा बसला की माश्या उठतात आणि मग प्रार्थनेला आलेली माणसं शेताकडे पळत सुटतात. धूर करून स्वतः हुशारी दाखवू नका. मोहोळ काढणाऱ्या माणसाला बोलवा, तोही संध्याकाळनंतरच काम करील. तोवर घंटेऐवजी काय करायचं ते फादरांना विचारा.

मग पाहा, घंटा झुलती आहे की स्थिर. झुलत्या घंटेला वर चाक किंवा दांडा असतो. दोर त्याला बांधलेला, म्हणजे पूर्ण घंटाच हलते. स्थिर घंटा जागची हलत नाही. दोर थेट लोलकाला, म्हणजे आत लोंबणाऱ्या दांड्याला, बांधलेला असतो. वाजवण्याची पद्धत या एका गोष्टीवर ठरते.

चढलाच आहात तर घंटेवरची अक्षरंही वाचून घ्या. ओतणाऱ्या कारखान्याचं नाव, साल, कुणा संताचं नाव, एखादा क्रूस असं काहीबाही असतं. घंटेला संताचं नाव द्यायची चाल जुनी आहे. टांगण्याआधी तिला आशीर्वाद देतात. पूर्वी हा विधी बिशप करत. घंटा पवित्र पाण्यानं धुवायची, आतून-बाहेरून तेल लावायचं, खाली धूप जाळायचा. त्यामुळे लोक त्याला सरळ "घंटेचा बाप्तिस्मा" म्हणू लागले. तो बाप्तिस्मा नव्हे, संस्कारही नव्हे, पण शब्द चिकटला तो चिकटलाच. आता हा आशीर्वाद धर्मग्रामाचे, म्हणजे गावच्या चर्चचे, फादरही देऊ शकतात.

मराठी माणसाला चर्चची घंटा तशी नवी नाही, हे जाता जाता सांगतो. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा देशावरच्या देवळांमध्ये आल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर नाना फडणवीसांच्या वाड्यामागे जी टांगली आहे तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियामाता आजही दिसते. आपल्या विदर्भाची गोष्ट वेगळी. इकडे घंटा मिशनऱ्यांबरोबर आल्या, लढाईतून नव्हे. १९ व्या शतकाच्या मध्यात आजच्या फ्रान्समधल्या आन्सी गावाहून संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या संघाचे फादर नागपूरकडे आले. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश) झाला आणि त्यातून १९५५ मध्ये अमरावतीचा वेगळा निघाला. त्यामुळे आपल्या खेड्यांतल्या पद्धती बऱ्याचशा त्या पाद्र्यांनी लावून दिलेल्या आणि नंतर गावानं आपल्या सोयीनं वाकवलेल्या आहेत. म्हणून यातली कुठली गोष्ट तुमच्या गावात वेगळी असेल तर गावाचंच खरं माना.

दोर

नायलॉनचा दोर स्वस्त आणि टिकाऊ, पण हाताला जाळतो आणि घामानं निसटतो. सुती दोर हाताला बरा, पण पावसाळ्यात भिजून फुगतो आणि आखडतो. मी वरचा भाग नायलॉनचा ठेवतो आणि हातात येणाऱ्या दोन हातभर लांबीला जुनं सुती लुगडं घट्ट गुंडाळून शिवतो. वर्षातून एकदा, पावसाळा लागायच्या आधी, हे कापड बदलायचं. लोखंडी साखळी असेल तर मे महिन्यात बाराच्या घंटेला तळहात भाजेल. तिलाही कापड गुंडाळा.

दोर कधीही हाताभोवती किंवा मनगटाभोवती गुंडाळून धरू नका. झुलती घंटा परत जाताना दोर वर ओढते आणि त्या ओढीत बऱ्यापैकी जोर असतो. आमच्याकडे एका पोराचं मनगट असंच मुरगळलं, महिनाभर हात गळ्यात होता.

झुलत्या घंटेला पहिल्या ओढीत आवाज येत नाही. दोन-तीन वेळा हलकं ओढून तिला झोका द्यायचा, मग लोलक बोलतो. पाळण्याला झोका देतो तसंच: खाली येताना ओढायचं, वर जाताना सोडायचं. थांबवायची झाली तर एकदम दोर धरून लटकू नका. ओढणं बंद करा आणि तिला आपोआप निवू द्या. शेवटचे दोन-चार टोले ती तुम्हाला न विचारता देईल, तेवढे मोजणीत धरून चाला.

स्थिर घंटेचं उलट. इथं छोटा, नेमका झटका द्यायचा आणि दोर लगेच सैल सोडायचा. लोलक काठाला लागून मागे आलाच पाहिजे. नवखा माणूस दोर ताणूनच धरतो, लोलक घंटेला दाबून राहतो, आवाज जागच्या जागी मरतो. आणि घंटेला तडा जातो तो बहुतेक वेळा याच सवयीनं. दोर सैल असताना लोलक आणि काठ यांत चार बोटं तरी अंतर असायला हवं. नसेल तर दोर आखूड बांधलाय, तो सोडवून नीट बांधा.

तीन, तीन, तीन आणि नऊ

रोजचं मुख्य काम म्हणजे देवदूताच्या प्रार्थनेची घंटा. काही जुनी माणसं अँजेलस म्हणतात. सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६. गब्रिएल दूतानं मरियेला निरोप दिला, तिनं हो म्हटलं आणि शब्द देह झाला, हे तीन भाग आणि प्रत्येक भागानंतर एक "नमो मरिया" ही छोटी प्रार्थना. म्हणून घंटाही तीन वेळा तीन-तीन टोल्यांची आणि शेवटच्या प्रार्थनेला नऊ टोले.

नवख्याची गडबड इथंच होते, कारण तो टोले मोजतो आणि मधली जागा मोजायची विसरतो. ती जागा घड्याळानं मोजूच नका. तीन टोले द्या, दोर सोडा, मनात नाही तर पुटपुटत एक पूर्ण नमो मरिया म्हणा, मग पुढचे तीन. घरात, शेतात, गोठ्यात कोणी तुमच्याबरोबर म्हणत असतो. तुम्ही घाई केलीत की त्याची प्रार्थना अर्धी राहते. शेवटचे नऊ मात्र जरा लगबगीनं, सलग. हे नऊ रेंगाळले तर काय होतं ते वर सांगितलंच. मोजणीची खात्री नसेल तर सुरुवातीला खिशात नऊ हरभरे ठेवा आणि टोल्याला एक याप्रमाणे खाली टाका. हसू नका, मी सहा महिने तेच केलं. कोंबड्यांचीही सोय झाली.

पाश्खाच्या सणापासून (ईस्टर) पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत, ही प्रार्थना बदलते आणि तिच्या जागी स्वर्गाच्या राणीची म्हणतात. टोले आमच्याकडे तेच राहतात.

तीनही वेळा एकदम सुरू झाल्या नाहीत. संध्याकाळची घंटा आधीची, सकाळची नंतरची, दुपारची शेवटची. दुपारच्या घंटेचा संबंध १४५६ शी जोडतात. तुर्की फौज बेलग्रेडवर चालून आली होती आणि पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी दुपारी घंटा वाजवून प्रार्थना करायला सांगितलं. आमच्या शिवारात त्या बाराच्या घंटेला कोणी बेलग्रेडची म्हणत नाही. ती जेवणाची घंटा. कापसाच्या वेचणीत असलेल्या बाया, त्यात ख्रिस्ती चार असतील-नसतील, घंटा ऐकली की ओटी रिकामी करतात, बांधावरच्या निंबाखाली बसतात आणि भाकरीचं फडकं सोडतात. म्हणून बाराची घंटा बाराला. पाच मिनिटं उशीर झाला तरी संध्याकाळी कोणीतरी चौकात ऐकवतंच.

सकाळचीही वेळ पाळा, पण वेगळ्या कारणानं. काही ठिकाणी आता घंटा बंद पडली म्हणून ध्वनिफीत भोंग्यावर लावतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ भोंगा चालत नाही. खऱ्या घंटेबद्दलही मी तीच शिस्त ठेवतो. साडेपाचला कोणाची झोप मोडून देवाचं नाव चांगलं होत नाही. नाताळच्या मध्यरात्रीसाठी फादर पोलीस ठाण्यात आधी बोलून ठेवतात.

मिस्साच्या घंटा

यात फार काही नाही. आमच्याकडे रविवारी पहिली घंटा एक तास आधी, कारण दोन वस्त्यांवरची माणसं पायी येतात. दुसरी पंधरा मिनिटं आधी आणि तिसरी फादर दाराशी उभे राहिले की. शेवटची घंटा फादरांनी मान हलवल्याशिवाय देऊ नका. ते कबुलीजबाब ऐकत असतील तर घड्याळ काहीही सांगो, थांबा.

मिस्सातली लहान घंटी हे वेदीसेवक पोरांचं काम, पण त्यांना शिकवायची वेळ तुमच्यावरच येते. रोमन पद्धतीत भाकर आणि द्राक्षरसावर फादर हात पसरतात तेव्हा एकदा, मग ख्रिस्तशरीर उंचावताना आणि पात्र उंचावताना. नियमावली ही घंटी सक्तीची करत नाही; "योग्य वाटल्यास" आणि "स्थानिक प्रथेनुसार" असाच तिचा सूर आहे. पोरांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा, की फादर बोलत असताना घंटी गप्प, हात वर गेले की घंटी. आणि घंटी ठेवताना ती वाजू नये म्हणून खाली कापडाची घडी हवी, नाहीतर सगळ्यात शांत क्षणी ती फरशीवर "ठण" करते आणि मागच्या बाकावरची पोरं खिदळतात.

वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे असाल तर लक्षात ठेवा, तिकडचा चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या जुन्या कॅथलिक, परंपरेचा आहे. त्यांच्या पवित्र कुर्बानाची (तिकडची मिस्सा) मांडणी वेगळी, त्यामुळे घंटीच्या जागाही वेगळ्या. इथलं वाचून तिथं वाजवू नका.

मयताची घंटा

हिला घाई चालत नाही. एक टोला द्या आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबा. टोला वाजून गेला की खाली एक जाड घुमार उरतो. तोही संपला की मग दुसरा. आमच्या घंटेला यात बारा-पंधरा सेकंद लागतात. थंडीच्या दिवसांत, वारा पडलेला असताना, जास्तच.

किती टोले, याचं कुठंही एकच उत्तर नाही. काही गावांत बाप्याला तीनदा तीन आणि बाईला तीनदा दोन देऊन मग सलग टोले. काही ठिकाणी वयाइतके. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ ला, पाश्खाच्या दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा पॅरिसच्या नोत्र-दामनं त्यांच्या वयाचे ८८ टोले दिले. आमच्याकडे वयाचे मोजत नाहीत; निरोप आल्यावर पाच, मयत चर्चच्या दारात आल्यावर पाच आणि कबरस्थानाकडे निघाल्यापासून वळणाआड जाईपर्यंत सलग. तुमच्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईला विचारा. फादर बदलत राहतात. तिला मागच्या चार फादरांच्या वेळचंही आठवत असतं.

निरोप कोणाकडून घ्यायचा हे आधीच ठरवून ठेवा. मी फक्त दोघांचं ऐकतो, फादरांचं किंवा घरच्या माणसाचं. "नागपूरच्या दवाखान्यात गेले म्हणे" यावर दोर ओढायचा नाही. एकदा असा "गेलेला" माणूस आठ दिवसांनी बसमधून उतरला होता. त्या दिवशी मी दोर ओढला नव्हता म्हणून आज त्याच्या घरी चहा मिळतो.

लहान मुलाचं मयत असेल तर जुन्या रोमन विधीपुस्तकात एक गोष्ट लिहिलेली आहे, की घंटा वाजवायचीच असेल तर उदास नको, सणाची वाजवा. बाप्तिस्मा झालेलं लेकरू थेट देवाकडे गेलं. पुस्तकाचं बरोबर असेल. मला एकदा ते करायला सांगितलं, दोर धरून उभा राहिलो आणि हात उचलला नाही. फादरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून दोर स्वतः घेतला. तुम्हालाही जमलं नाही तर तसं सांगा, लाज नाही त्यात.

आणखी एक. लग्नाची घंटा चालू असताना रस्त्यानं कोणाचीही तिरडी जात असली, कोणत्याही जातीधर्माची, तर दोर सोडा. ती पुढे गेली की पुन्हा सुरू करा. कोणत्याही पुस्तकात हे लिहिलेलं नाही.

दोन दिवसांचं मौन

पाश्खाच्या आधीच्या पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात "स्वर्गलोकी देवाला गौरव" सुरू झालं की सगळ्या घंटा एकदम, मोठी-लहान सगळ्या, स्तोत्र संपेपर्यंत. त्यानंतर गप्प. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, बाराची जेवणाची घंटासुद्धा नाही. पुन्हा वाजणार ती शनिवारी रात्रीच्या जागरणविधीत त्याच स्तोत्राला. फ्रान्समध्ये पोरांना सांगतात, या दिवसांत घंटा उडून रोमला गेल्या. आमच्याकडे पोरांना काही सांगावं लागत नाही, शुक्रवारी बारा वाजता शेतातली माणसं मान वर करून मनोऱ्याकडे बघतात आणि गुरुवारीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं असूनही फोन येतातच, "दादा, घंटा बिघडली का?"

या दोन दिवसांत घंटीच्या जागी लाकडाची खटखट वापरतात. सागाची वीतभर रुंद फळी, तिला मूठ आणि दोन्ही बाजूंना बिजागरीवर हलणाऱ्या छोट्या पट्ट्या. मूठ धरून हलवली की लाकडावर लाकूड आपटतं. गावातला सुतार अर्ध्या दिवसात करून देईल. ओलं लाकूड नको, आवाज बोदा येतो. वर्षभर ती कपाटात पडून राहते आणि वाळवी लागते, म्हणून राखेच्या बुधवारीच, पाश्खाआधीचा उपवासकाळ लागतो त्या दिवशी, काढून तपासा.

शनिवारच्या रात्री एक हिशेब लागतो. विधी अंधार पडल्यावरच सुरू होतो आणि गौरवस्तोत्राआधी बायबलमधली लांबलचक वाचनं असतात. किती वाचनं घेणार ते फादरांना आधीच विचारा, म्हणजे घंटा दहाच्या आत पडेल का याचा अंदाज येतो. त्या रात्री दोरावर दोन माणसं ठेवा, कारण हात भरून येतात आणि थांबायचं मन होत नाही.

वीज आणि निगा

आभाळात वीज असेल तर दोराला हात लावू नका, मिस्साची वेळ झाली तरी. उंच मनोरा, वर धातू आणि खाली ओला दोर धरलेला माणूस. पूर्वी युरोपात घंटेच्या आवाजानं वादळ फुटतं अशी समजूत होती. वादळात घंटा वाजवता वाजवता इतके घंटावाले विजेनं मेले की १८ व्या शतकात त्यावर बंदी घालायची वेळ आली. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पावसात शेतात काय होतं ते दरवर्षी पेपरात येतंच.

बाकी निगा थोडीच. लोलकाची कडी आणि खिळा दर तीन महिन्यांनी पाहा, झिजून पातळ झाला असेल तर लगेच बदला. लोलक खाली पडला तर माणूस मरेल. गर्डरच्या बोल्टांना ग्रीस, दोर घासतो त्या भोकाला पत्र्याची धार नाही ना ते पाहणं, कबुतरांची घाण खरवडणं. घंटेचं कासं म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील, कडक पण ठिसूळ धातू. हातोडीनं ठोकून आवाज बघायचा नाही. वर हिरवट थर धरला असेल तर राहू द्या, तो घंटेला राखतो. चिंच-मीठ लावून चमकवायची ती वेदीवरची पितळी घंटी. रंग तर मुळीच नको. आमच्याकडे एका सणाला उत्साहाच्या भरात चांदीचा ऑइलपेंट मारला होता, वर्षभर घंटा घसा बसल्यासारखी बोलत होती. आवाज अचानक फुटक्या मडक्यासारखा आला तर वाजवणं तिथंच थांबवा, चुना लावून तडा शोधा आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याला हात लावू देऊ नका.

मनोऱ्याच्या किल्ल्या दोन करून घ्या. एक फादरांकडे. दुसरी मी समोरच्या चहाच्या टपरीवाल्याकडे ठेवली आहे. तो चर्चला येत नाही, पण तीन-तीन-तीन-नऊ त्याला पाठ आहे, आणि मी तापानं पडलो होतो तेव्हा आठ दिवस बाराची घंटा त्यानंच दिली.